आधीच मानलेले आभार

“दोन वाक्यं बोललात तरी पुरे, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “देवाची योजना होती, आम्ही ती मान्य केली. एवढंच. मग खाली बसा.”

“आणि तिसरं वाक्य मी बोलते, मामा,” मुलगी सिंकपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली. “की तू सांगितलं होतंस, आई उठणार.”

तिनं पातेलं आपटलं. मी म्हणालो, “अगं हळू, भांडी फुटतील.”

“स्टीलची आहेत बाबा. त्यांना काही होत नाही.”

मेहुण्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती. त्यानं ती बोटानं बाजूला केली आणि चहा तसाच ठेवला.

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी वारलं, की पुढे एखाद्या रविवारी घरच्यांपैकी एकानं उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची असते. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे आणि देवानं आम्हाला कसं सांभाळलं ते सांगायचं. उद्याचा रविवार माझा होता. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. माझं आयुष्य शाफ्टमध्ये वंगण लावण्यात गेलं, चारचौघांत बोलायची वेळ कधी आली नाही. पण मला भीती बोलण्याची नव्हती. काय बोलायचं, याची होती.

“हे बघा भाऊजी,” मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला. “तुम्ही योजना म्हणालात की विषय मिटतो. नाहीतर लोक ताईचा विश्वास मोजत बसतील. प्रार्थनागटातल्या त्या मावशी काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत ना?”

ऐकलं होतं. भेटायला आल्या तेव्हा माझ्याच खुर्चीवर बसून त्या म्हणाल्या होत्या, “कुठेतरी घरात विश्वास कमी पडला असेल हो.” वाईट मनानं नाही म्हणाल्या. डोळे पुसतच म्हणाल्या. पण मुलगी तेव्हापासून चर्चची पायरी चढलेली नाही. “आई मेली ती मेली, वर परीक्षेत नापास पण करून टाकली,” असं म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

आता ती हात पुसत वळली. “बाबा, तुम्ही उद्या योजनाबिजना म्हणालात ना, तर मी उठून जाईन. आणि परत या घरात त्या विषयावर माझ्याशी बोलायचं नाही. कोणी.”

“तू येणार आहेस उद्या?” मी विचारलं.

“तुम्ही एकटे उभे राहणार म्हणून.”

मेहुण्यानं मान खाली घातली. एका बाजूला बायकोचा भाऊ, दुसऱ्या बाजूला लेक, आणि मधे मी. मला दोघांचंही खरं वाटत होतं.

*

माझी बायको हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसायची. नोकरीची सगळी वर्षं तीच खिडकी. एक्स-रे कुठे, डॉक्टर किती वाजता येतात, शवागाराकडे कसं जायचं, सगळं तिलाच विचारायचे. मी त्याच हॉस्पिटलात लिफ्ट बघायला जायचो, तिथं आमची ओळख झाली. लग्नानंतर मी म्हणायचो, “तू लोकांना मजला सांगतेस, मी पोचवतो.” ती म्हणायची, “तुमची बंद असते तेव्हा शिव्या मात्र मलाच.”

तिची एक गोष्ट होती. तिला ठाऊक नसेल, तर ती सरळ “मला माहीत नाही” म्हणायची. खिडकीतला माणूस असं म्हणाला की लोक चिडतात. एकदा एका गृहस्थानं तिला सुनावलं, “मग इथं बसता कशाला?” ही म्हणाली, “जे माहीत आहे ते सांगायला बसते. चला, उरलेलं आपण विचारून येऊ.” आणि खिडकीवर पाटी उलटी करून त्याच्याबरोबर निघाली. तिचा साहेब नेहमी कावायचा, की ही बाई जागेवर सापडत नाही.

मलाही तिनं एकदा चांगलंच झापलं होतं. लिफ्टमध्ये माणसं अडकली की दारापाशी जाऊन आम्ही ओरडायचो, “दोन मिनिटांत काढतो!” कंपनीनं तसंच शिकवलं होतं. ती म्हणाली, “असं काय सांगता हो? दोन मिनिटं होऊन गेली की आतला माणूस दुप्पट घाबरतो. त्याला वाटतं, आता हा गेला. त्यापेक्षा म्हणा, मी दाराशी आहे, काम चालू आहे.” तेव्हापासून मी तसं म्हणू लागलो.

तिचा हा भाऊ गाडी शिकवतो. शिकाऊ माणसाशेजारी बसायचं आणि आपल्या बाजूचा जादा ब्रेक सांभाळायचा, हा त्याचा धंदा. बायको त्याला चिडवायची, “याला घरातसुद्धा आपल्या बाजूला एक ब्रेक लागतो.” आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला वाढवलं. त्याचा जीव होता तिच्यावर. म्हणून तर सगळं झालं.

बायकोचा आजार कळला तेव्हा तो फार पुढे गेलेला होता. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मेहुणा मात्र आठवडाभर कामावर गेला नाही, उपास केले, आणि मग एका संध्याकाळी सगळा प्रार्थनागट घेऊन आमच्याकडे आला. त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, “ताई, मला उत्तर मिळालं. तू बरी झालीस. अजून दिसत नाही एवढंच. आपण आजच आभार मानायचे.”

आणि आम्ही आभार मानले. बैठकीच्या खोलीत उभं राहून, हात वर करून, अजून न झालेल्या गोष्टीचे. गाणी म्हटली. बायकोही गायली. मीही गायलो. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मला वाटलं, की झालं, सुटलो.

पण एकदा आभार मानल्यावर एक अडचण झाली. मानलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची नसते. गट यायच्या आधी आम्ही औषधं कपाटात ठेवू लागलो. ऑक्सिजनचं यंत्र पडद्यामागे सरकवू लागलो. कुणी विचारलं “कशी आहे?” की म्हणायचं, “बरी आहे, स्तुती असो.” ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि आम्ही सगळे तिच्यासमोर हसत होतो.

मग ती दुपार आली. मी तिचे पाय चेपत होतो. मुलगी सुट्टी काढून आली होती, ती उशाशी बसली होती. मेहुणा खिडकीत उभा होता. बायको बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, “अहो, ऐका ना. मी नसले की...”

“ताई!” मेहुणा म्हणाला. “असं अविश्वासाचं बोलायचं नाही. आभार मानलेत आपण.”

मी काहीच बोललो नाही. माझे हात तिच्या पावलांवर होते ते तसेच राहिले. तिनं भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. नंतर तर तिला बोलवेनाच.

ती काय सांगणार होती? मी नसले की काय? तिच्या साड्या कुणाला द्यायच्या ते? मुलीला लग्नाचा आग्रह करू नका, असं? की रात्री गॅस बंद केला का बघत जा, एवढंच? मला ते कधीच कळणार नाही. देवानं तिला का नेलं, हा मोठा प्रश्न आहे, त्याचं उत्तर चर्चच्या पाळकसाहेबांनी आपल्या परीनं दिलं. माझ्या या छोट्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नाही.

*

रविवारी मी तिनं आणलेला निळा शर्ट घातला. मुलगी मागच्या बाकावर, दाराजवळ बसली. उठून जायची सोय ठेवून. मेहुणा पहिल्या बाकावर होता. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी पुढे गेलो.

माईक माझ्यासाठी उंच होता. तो खाली घ्यायचा स्क्रू ढिला होता, मी माईक खाली घेऊन तो आधी पिळून घट्ट केला. दोघंतिघं हसली.

मी म्हणालो, “माझी बायको चौकशीच्या खिडकीत बसायची. तुमच्यापैकी पुष्कळांना तिनं वाट दाखवली असेल. तिला जे माहीत नसायचं, ते ती माहीत आहे असं म्हणायची नाही. आज तिच्याबद्दल बोलताना मी तरी तसं कसं करू?”

मेहुण्यानं डोळे मिटले.

“आपण सगळ्यांनी तिच्यासाठी मागितलं. मनापासून मागितलं, मी साक्षी आहे. ते मिळालं नाही. का मिळालं नाही, मला ठाऊक नाही. देवाची योजना असेलही. मला ती दिसलेली नाही, म्हणून मी दिसली असं म्हणत नाही. मी देवाला रोज विचारतो. तो बोलत नाही. मग मीही गप्प बसतो. उठून मात्र जात नाही.”

कुणी आमेन म्हणालं नाही. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं.

“कोणी म्हणतं, विश्वास कमी पडला. तसं नका म्हणू. तिचा पडला नाही. माझ्या मेहुण्याचाही पडला नाही. ताईसाठी त्यानं उपास केले, गुडघे झिजवले. एक गोष्ट मात्र आपली मागायची राहून गेली. ती बरी होऊ दे, एवढंच आपण मागत राहिलो. तिला काही सांगायचं असेल तर ते ऐकायची आम्हाला ताकद दे, हे कोणी मागितलं नाही. मीही नाही. आपण आभार आधीच मानून टाकले होते. मग तिला आमचा निरोप घ्यायला जागाच उरली नाही.”

मी पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं, पाणी नव्हतं.

“ती शहाणी होती,” मी म्हणालो. “आम्हाला झेपणार नाही हे तिला दिसलं. म्हणून ती ‘बरं’ म्हणाली.”

मग मी खाली उतरलो. पाळकसाहेब उठले. त्यांच्या हातात लिहून आणलेलं प्रवचन होतं. ते त्यांनी उघडलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि मिटून ठेवलं. “आपण जरा शांत बसू या,” असं म्हणाले. बाकीचं काही त्या दिवशी झालं नाही.

उपासना सुटल्यावर लोक दारातून बाहेर पडले. काहींनी माझा हात धरला, काहींनी दुसऱ्या दारानं जाणं पसंत केलं. प्रार्थनागटातल्या मावशी माझ्यापाशी येऊन थांबल्या, “मी बोलायला नको होतं हो,” एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

मेहुणा पहिल्या बाकावरून उठलाच नव्हता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. मला वाटलं, आता तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

“मला खरंच ऐकू आलं होतं, भाऊजी,” तो म्हणाला. “आतून. ती उठणार, असं. मी बनवून सांगितलं नाही.”

“माहीत आहे रे.”

“मग ते काय होतं?”

“मला नाही सांगता येत.”

तो गुडघ्यांवर हात चोळत राहिला. मोठा माणूस, शेकडो लोकांना त्यानं गाडी चालवायला शिकवलं असेल. आता तो अगदी हिनं वाढवलेला तो पोरका मुलगा दिसत होता.

“ताई काय सांगणार होती हो?” त्यानं विचारलं.

“कळलं नाही.”

“काहीच अंदाज नाही?”

“नाही.”

तो रडायला लागला. हुंदके नाहीत, नुसतं पाणी. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तो चटकन उचलला गेला नाही. पाठीमागे पावलं वाजली. मुलगी दारापाशीच होती, गेली नव्हती. ती बाकांच्या मधल्या वाटेनं आली, क्षणभर आमच्यासमोर उभी राहिली.

“सरक,” ती मामाला म्हणाली.

तो सरकला. ती त्याच्या पलीकडच्या बाजूला बसली, पर्स मांडीवर घेऊन.

चर्चची देखभाल करणारा म्हातारा खिडक्या लावत, एकेक पंखा बंद करत मागून पुढे येत होता. आमच्या डोक्यावरच्या पंख्याच्या बटणापर्यंत त्याचा हात गेला. त्यानं आमच्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, आणि तो एक पंखा तसाच चालू ठेवून बाहेर जाऊन बसला.