बारीक भोकांचं फावडं

सन २०२३च्या वैशाखात, शहाद्याला नवल वेल्डरच्या दुकानात, धनुबाईने मुलाच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि भिंतीला टेकवलेलं दुसरं त्याच्यापुढे धरलं.

दोन्हींना लांब दांडा, पुढे डबड्यासारखं भोकाभोकांचं तोंड. भरून हलवलं की वाळू गळावी, वस्तू उरावी. हेमकांतने निवडलेल्याची भोकं हरभऱ्याएवढी होती, धनुबाईच्या हातातल्याची लिंबाएवढी.

“हाई ले. हलकं शे. हात दुखतीन नही.”

नवल हसला. “मावशी, त्यानी गोटा चाळतंस. त्यामाईन अंगठी तं काय, बांगडी बी निघी जाई.”

“निघी गई तं निघी गई.”

“मंग मी नदीवर काय गोटा वेचाले जाऊ का, माय?” हेमकांतने बारीक भोकांचंच गाडीला बांधलं. परतीच्या वाटेवर त्याचा दांडा धनुबाईच्या गुडघ्याला लागत राहिला. तिने पाय हलवला नाही.

बंधाऱ्यातलं पाणी सोडल्यापासून तापीची वाळू उघडी पडली होती. हेमकांतने सुरतेहून धातू शोधायचं यंत्र आणलं होतं. जुनी नाणी, जोडवी, सापडेल ते मोबाईलपुढे धरून तो चार गमतीचे शब्द बोलायचा आणि लोकांना पाठवायचा. रोज काठाने थोडा पुढे सरकायचा. आता करंजाचं झाड तेवढं राहिलं होतं.

करंजाखाली तिची पहिली मुलगी होती. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, काठाला पुरतात. अंगावर धातू ठेवत नाहीत. सासूने वाळे काढायला सांगितले तेव्हा धनुबाईने एक काढला. दुसरा पाय तसाच फडक्यात गुंडाळला आणि दोन्ही काढले म्हणाली. बायका काठापर्यंत जात नसत. जागा तिला नवऱ्याने, चुडामणने, मरायच्या आधी कधीतरी सांगितली. काढलेला वाळा देव्हाऱ्यातल्या वाटीत राहिला. लहानपणी हेमकांतने विचारलं होतं, याचा जोड कुठे? तापीजवळ आहे, एवढंच ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागोमाग नदीवर आली.

“माय, ऊन चटकी ऱ्हायनं. घर जाय.”

“सावलीमा बठस मी.”

ती करंजाच्या बुंध्याशी जाऊन बसली. लुगडं पसरून, जेवढी जागा झाकता येईल तेवढी झाकून.

“जरा सरक ना.”

“गुडघा धरना मन्हा. आठेच बठस.”

हेमकांत तिला वळसा घालून खाली उतरला. मागच्या पुरात काठ तिथे ढासळला होता. यंत्र बारीक आवाजात किणकिणलं. धनुबाईच्या हातातली बाटली खाली पडली. ती चुकीच्या जागी बसली होती.

त्याने मोबाईल दगडाला टेकवून उभा केला. फावडं खुपसलं, उचललं, हलवलं. वाळू गळू लागली. धनुबाईला हाक मारायची होती. पदराचा बोळा दातांत गेला होता. वाळू गळायची थांबली. तळाशी काहीतरी वाजलं.

हेमकांत वाकला. बोटाने एकदा फिरवून पाहिलं. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि हात लांबवून मोबाईल पालथा घातला.

“काय शे रे?” तिने बसल्या जागेवरून विचारलं.

“काही नही. बाटलीनं झाकन.”

त्याने ते जिथलं तिथे ठेवलं. फावड्याने नाही, ओंजळीने वाळू लोटली, आणि बराच वेळ तळहाताने थोपटत राहिला.

“चाल माय. आते ऊन व्हयनं.”

यावर दोघांत पुढे कधी बोलणं झालं नाही. यंत्र त्याने पावसाळ्याआधी विकून टाकलं आणि केळीच्या बागेत लक्ष घातलं. फावडं त्याच्या बायकोने, दीपमालेने, चुलीची राख चाळायला घेतलं. नवल अजून तशी फावडी करतो, आणि गोट्याचं फावडं मागणाऱ्या मावशीची गोष्ट गिऱ्हाइकांना हसत सांगतो.

धनुबाई पुढच्या पौषात गेली. अस्थी प्रकाशा गावाला, तापीच्या संगमावर न्याव्यात, सगळे तिथेच नेतात, असं दीपमाला म्हणाली. हेमकांत मडकं घेऊन करंजाकडे चालत गेला.

देव्हाऱ्यातली वाटी त्या दिवसापासून रिकामी आहे.