शेजारची सीट

इंजिन बंद पडलं आणि बेलसरे सरांची सीट माझ्यापासून लांब जाऊ लागली.

आमचं शिकाऊ वैमानिकांचं दोन सीटचं विमान. आत बसलं की शिकवणाऱ्याचा खांदा शिकणाऱ्याच्या खांद्याला घासतो. सरांना त्याचा फार संकोच. "हेमांगी, जरा सरकून बसतो हं," म्हणत ते दाराला चिकटायचे. आता समोर प्रोपेलरचं पातं थांबलं होतं, नुसता वारा ऐकू येत होता, आणि आमच्या खांद्यांमध्ये हातभर जागा झाली होती.

"नाक खाली घे," सर म्हणाले. "वेग जाऊ देऊ नकोस."

मी नाक खाली घेतलं. सरांनी चावी फिरवली. पातं हललं नाही. पुन्हा फिरवायला ते वाकले, तर त्यांचा हात पोचेना.

"सर, कंट्रोल तुम्ही घ्या."

"घेतलं असतं गं. इकडे माझं कंट्रोल फिरवतोय मी, पण तुझ्यापर्यंत काही येत नाहीये. तूच उतरव."

एव्हाना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावेत इतके लांब गेले होते. मधे विमानातली करड्या गालिच्याची जमीन पसरत चालली होती. मी बाहेर पाहिलं. पंख होते तेवढेच होते.

खाली ऊस, कालवा, विजेच्या तारा. तारांपलीकडे एक मोकळं शेत.

"कुठं उतरतेयस?" सर ओरडून विचारत होते.

"हरभऱ्याच्या शेतात. काढणी झालेली दिसतेय."

"वारा?"

"समोरून."

त्यांचं "शाब्बास" माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी तारा ओलांडल्या होत्या.

चाकं ढेकळांत रुतली. विमान नाकावर उभं राहिलं आणि उजव्या अंगावर कोसळलं. पट्टा छातीत रुतला. मग काहीच ऐकू येईना. मी उजवीकडे वळून पाहिलं. दूर, गालिचा संपत होता तिथे, सरांचा पांढरा शर्ट तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. तो हलतोय की नाही, ते कळत नव्हतं.

माझ्या बाजूचं दार एका बाईनं उघडलं. तिचं नाव सुंदराबाई. शेत तिचंच होतं.

"एकलीच हाईस का गं?"

"सर आहेत. पलीकडे."

तिनं आत डोकावून पाहिलं. "लई लांब हाईत," ती म्हणाली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली.

सरांच्या बाजूचं दार मातीत दबलं होतं. म्हणून तिचा नवरा हणमंतराव आणि आणखी काही माणसं बाज घेऊन माझ्याच दारातून आत शिरली आणि गालिच्यावरून चालू लागली. त्यांची पाठ लहान होत गेली. मग दिसेनाशी झाली.

सुंदराबाईनं मला बांधावर बसवलं. माझ्या हातावरचं रक्त धुतलं. मला काहीच दुखत नव्हतं.

"कोण तुजं ते?"

"विमान शिकवतात मला."

"लेकरंबाळं?"

"मुलगी आहे. दहावीला."

"तिला कळवलंस का?"

"काय कळवू?"

सुंदराबाईनं पदर माझ्या हाताला गुंडाळला. विमानाच्या उघड्या दाराकडे आम्ही दोघी बघत राहिलो.

दारातून हणमंतराव एकटेच बाहेर आले. त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि पायातल्या वहाणा झिजून गेल्या होत्या. सुंदराबाईनं तांब्या पुढे केला. ते उभ्यानंच पाणी प्यायले.

"घावले का?" तिनं विचारलं.

"आवाज येतोय. बाकीची माणसं म्होरं गेल्यात. पोरीला लागलं का म्हणून इचारत्यात."

मी उठून उभी राहिले. "सांगा त्यांना, मी बरी आहे."

"सांगतो की," ते म्हणाले. "पर अजून लई चालायचंय."

सुंदराबाई घरात गेली. भाकरी फडक्यात बांधून आणली, वाकळ आणली. वाकळ त्यांच्या खांद्यावर टाकताना तिनं त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे एकदा पाहिलं. मग विमानाचं दार धरून उभी राहिली, आणि ते वाकून आत गेले.