वजा दीडशेचं ॲव्हरेज

अर्जुनरावांची हायब्रिड पिकअप दिंद्रुडहून कड्याला गेली, कड्याहून परत आली, आणि पंपावर टाकीचं झाकण उघडलं तर निघताना होतं त्यापेक्षा जास्त डिझेल आत निघालं.

असं काही झालेलं नाही. दिंद्रुडात कुणालाही विचारा. अर्जुनराव नाही म्हणतील, पंपावरचा नाथा नाही म्हणेल, आणि ज्याच्या हातात त्या दिवशी स्टेअरिंग होतं तो सोमनाथ तर "कोणती पिकअप?" असं उलट विचारेल, तेही पिकअपमध्ये बसून. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरू, आणि बाकीचं जे झालं तेवढं बघू.

सोमनाथ हा सटवाचा पोरगा. सटवाकडं मेंढरं. सोमनाथचं सगळं लहानपण मेंढरांच्या मागं गेलं, आणि मेंढरांच्या मागून जग कसं दिसतं हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळतं. त्यामुळं अर्जुनरावांनी त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं तेव्हा त्याला पगाराचंसुद्धा एवढं काही वाटलं नाही. समोर काच होती आणि काचेतून रस्ता दिसत होता. मधे कुणाचंही शेपूट नव्हतं.

अर्जुनराव माजी जिल्हा परिषद सदस्य. ही गाडी त्यांनी पंचक्रोशीत पहिल्यांदा आणली. डिझेलचं इंजिनही होतं आणि बॅटरीही. शोरूमवाल्या पोरानं समजावलं होतं, उतार लागला किंवा ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते, सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं, म्हणून डिझेल वाचतं. दिंद्रुडात सिग्नल नाही. पण गाडीत आहे ती सोय वापरायची म्हणून अर्जुनरावांनी मारुतीच्या पाराजवळ रोज पाच मिनिटं थांबायचा शिरस्ता घालून दिला. तिथं इंजिन बंद व्हायचं. मग अर्जुनरावांना उकडायचं, ते एसी वाढवायचे, आणि इंजिन पुन्हा सुरू व्हायचं.

तर ॲव्हरेज. खरं ॲव्हरेज अकरा होतं. मागं हौद्यात कायम नऊ-दहा कार्यकर्ते, कडेला वाऱ्यात फडफडणारा वाढदिवसाचा बॅनर, आणि गाडी मुकाट्यानं निघते म्हणून कुणी वळून बघत नाही, तर लोकांनी वळून बघावं यासाठी बसवलेला भोंगा. एवढं ओढून कोणतीही गाडी अकरा देईल. पण एकदा धारूरचा घाट उतरताना पडद्यावर आकडा आला, नव्व्याण्णव पॉइंट नऊ.

"सोम्या, ह्ये काय बे?"

"ॲव्हरेज हाय, मालक. उताराला तसंच दावतंय ते."

अर्जुनराव उतार संपेपर्यंत तो आकडा बघत राहिले. मग म्हणाले, "नव्व्याण्णव सांगितलं तर लोकायला खरं वाटायचं न्हाई. आपुन अठ्ठावीसच सांगू."

असा हा आकडा निव्वळ विनयातून जन्माला आला.

तो त्यांनी सांगितला एका साखरपुड्यात, आणि सांगितला तो नेमका सुंदररावांना. सुंदरराव कड्याचे बागायतदार, अर्जुनरावांचे साडू. अर्जुनरावांची बायको सत्यशीला मोठी बहीण, सुंदररावांची बायको मोहिनी धाकटी. म्हणजे नात्यानं अर्जुनराव मोठे. पण वयानं सुंदरराव मोठे. कुणी कुणाला दादा म्हणायचं हा प्रश्न लग्नापासून लोंबकळत होता आणि दोघंही एकमेकांना "पाव्हणं, ऐका की" एवढ्यावर भागवत होते.

"अठ्ठावीस?" सुंदरराव म्हणाले. "पाव्हणं, एवढं तर माझी फटफटी देत न्हाई."

"तुमची फटफटी हायब्रिड हाय का?"

"टाकी फुल करू. दिंद्रुड ते कडा, कडा ते दिंद्रुड. पुन्हा फुल करू. मी सोता गाडीत बसतो."

"बसा की. अठ्ठावीसच्या खाली आलं तर जलमभर तुमाला दादा म्हनंन."

"अन् अठ्ठावीस आलं तर मी तुमाला म्हनंन."

मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या जोडप्याचा साखरपुडा होता त्यांनीही वाजवल्या.

परतताना अर्जुनराव मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "सोम्या, अठ्ठावीस आलं न्हाई तर चावी ठिवायची अन् बापाच्या मेंढरामागं लागायचं."

"मालक, पर अकरा..."

"त्ये मला सांगू नको. गाडीला सांग."

सोमनाथनं गाडीला सांगून पाहिलं. मग त्याच्या हातात होतं तेवढं केलं. भोंगा उतरवला, बॅनर काढला, कार्यकर्त्यांना एक दिवस घरीच निष्ठावंत राहायला सांगितलं, जॅक काढला, पायपुसणी काढली, आणि आपलं वजन नको म्हणून रात्री स्वतः जेवला नाही. सकाळी अर्जुनराव दोन भाकरी, पिठलं आणि वर वाटीभर दही खाऊन गाडीत बसले तेव्हा गाडी एका बाजूला कलली. सोमनाथनं सीटखाली आधीच एक डिझेलचा कॅन सरकवून ठेवला होता. लबाडी म्हणून नव्हे. अठ्ठावीस येईल एवढंच टाकायचं, एक थेंबही जास्त नाही, अशी त्याची प्रामाणिक योजना होती.

पंपावर नाथानं नळी लावली. टाकी भरली की नळी 'टक्' करून आपोआप थांबते. टक् झालं. सुंदररावांनी त्या टक्‌चा मोबाईलवर व्हिडिओ काढला. ठरलं असं की परत आल्यावर ह्याच टक्‌पर्यंत भरायचं, जेवढं बसेल तेवढं गाडीनं खाल्लं.

निघताना डबा घ्यायला गाडी अर्जुनरावांच्या दारात थांबली. सत्यशीलाबाईंनी दोघांना चहाला आत बोलावलं आणि सोमनाथला पाण्याचा जार आणायला परसात पिटाळलं. तो जार घेऊन आला तेव्हा बाई दारातच राखेनं हात घासत होत्या.

"अक्का, काय झालं?"

"काय न्हाई रे बाबा. हात हायेत, घासावं लागतेत."

गाडी निघाली. सुंदरराव पुढं बसले, नजर डिझेलच्या काट्यावर. अर्जुनराव मागं, नजर सुंदररावांच्या मानेवर. तेलगाव गेलं, वडवणी गेली. काटा हलला नाही.

"पाव्हणं, काटा अडकलाय तुमचा."

"अडकला न्हाई. बॅटरीवर चाललीय."

बीड ओलांडून चढ लागला. तो चढून गेल्यावर ऐन रस्त्यात मेंढरं आडवी आली. शंभरेक मेंढरांनी गाडीला असा गराडा घातला की दोन्ही साडू काचा वर करून बसले. सोमनाथनं बाजूच्या आरशात पाहिलं. आरशात त्याचा बाप होता. सटवाच्या हातात कॅन होता आणि टाकीच्या तोंडाला अर्धी कापलेली बाटली. बकऱ्याला औषध पाजावं तसं गाडीच्या अंगावरून हात फिरवत तो बेतानं पाजत होता. मग पुढं येऊन त्यानं खिडकीत तोंड घातलं.

"सोम्या, जा बाबा सावकास."

"आबा," सोमनाथ दात न उघडता म्हणाला, "कावून आलाव हितं?"

"तू मेंढरामागं नगो बाबा," सटवा हळूच म्हणाला. "मागच्या बारीला पंधरा हरवली तू. आजून दोन घावली न्हाईत."

सुंदररावांनी विचारलं, काय म्हणतोय म्हातारा? सोमनाथ म्हणाला, मेंढरांची चौकशी करतोय.

कड्याला मोहिनीबाईंनी जेवायला पुरणाचा बेत केला होता. आग्रह एवढा की तिन्ही पुरुष उठू शकत नव्हते. तूप वाढताना बाई मधेच "आले हं" म्हणून बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. परतीला त्याही ताईला भेटायचं म्हणून मागच्या सीटवर बसल्या. सोमनाथनं गाडी सुरू केली आणि सुंदररावांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"काटा चढलाय!"

अर्जुनराव पुढं वाकले. काटा खरंच चढला होता. आता तो फुलच्याही पलीकडं, जिथं काही लिहिलेलं नसतं तिथं उभा होता. पण जिल्हा परिषदेत एवढी वर्षं काढलेला माणूस आकड्याला घाबरत नाही.

"उताराला भरती होती तिच्यात," ते म्हणाले.

"उतार कुठं लागला? आमी तर जेवत होतो!"

"तुमच्या दारात गाडी उताराला उभी केली होती."

सुंदररावांनी खाली उतरून आपलं अंगण बघितलं. उतार होता थोडा. ते परत बसले, आणि नंतर कितीतरी वेळ आपल्या घरापुढं एवढं डिझेल तयार होतं हे इतकी वर्षं कसं कळलं नाही, या विचारात असल्यासारखे दिसले.

सोमनाथ मात्र मनात हिशेब करत होता. आबानं टाकलं ते माहीत होतं. पण आबाच्या कॅननं गाडी कड्यापर्यंत पोचली असती फार तर. काटा चढायचं कारण नव्हतं. त्याला वाटलं, काटाच बिघडला. बिघडलेल्या काट्यावर नोकरी सोडायची नाही म्हणून परतीला दिंद्रुड जवळ आल्यावर दोन्ही साडू लघवीला उतरले तेव्हा त्यानं मोहिनीबाईंना "टायर बघतो" म्हणून सांगितलं आणि आपला कॅन टाकीत उपडा केला. बरंचसं आत गेलं. उरलेलं त्याच्या बुटात परत आलं. शहाण्या माणसानं इथं थांबायला पाहिजे होतं. पण त्याला डोळ्यांपुढं मेंढरांची शेपटं दिसली आणि त्यानं गाडी हलवून हलवून आणखी पेलाभर बसवलं.

दिंद्रुडच्या पंपावर निम्मं गाव आलं होतं. सत्यशीलाबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या, कुणाला ते ठरायचं होतं. नाथानं झाकण फिरवलं आणि डिझेल काठावरून खाली सांडलं.

नाथानं नळीकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं.

"मालक, ह्याच्यात भरायचं न्हाई," तो म्हणाला. "ह्याच्यातनं काढायचंय."

पाइप लावून काढलं. टक्‌च्या जागेपर्यंत यायला दोन लिटर काढावं लागलं.

सत्यशीलाबाईंनी बहिणीकडं पाहिलं. मोहिनीबाईंनी ताईकडं पाहिलं.

"तू पन?" ताई पुटपुटल्या.

"मंग काय करू?" मोहिनी कानाशी लागली. "दाजी ह्येनला दादा म्हनले तर मी मोठी होनार. सगळ्या सनाला सगळ्या पाव्हन्याचा सैपाक माझ्या गळ्यात. तुजं तू बघ की!"

शेजारीच उभ्या असलेल्या सोमनाथनं आपले बूट एकमेकांमागं लपवले. आता त्याला सगळा हिशेब लागला होता, आणि तो कुणालाच सांगता येत नव्हता.

अर्जुनरावांनी मात्र मिशीवर हात फिरवला. "बघितलं? खाल्लं तर न्हाईच, वर दोन लिटर दिलं. म्हना आता दादा."

"थांबा," सुंदरराव म्हणाले आणि मोबाईलवर हिशेब मांडला. "तीनशे किलोमीटर. डिझेल वजा दोन. तीनशे भागिले वजा दोन. ॲव्हरेज आलं वजा दीडशे." त्यांनी मोबाईल सगळ्यांना दाखवला. "अन् वजा दीडशे अठ्ठावीसपेक्षा कमी असतंय. म्हना तुमी दादा."

"दीडशे कमी? दीडशे अठ्ठावीसपेक्षा कमी?"

"पुढं वजा हाय."

"पुढं काय बी असू द्या. माझ्या नावापुढं माजी हाय, म्हनून मी कमी झालो का?"

बीडला गणिताचे क्लास घेणाऱ्या शिवशंकर सरांना फोन लागला. फोन स्पीकरवर टाकला. सर म्हणाले, संख्यारेषेवर वजा दीडशे शून्याच्या डावीकडं असतो, म्हणून लहान.

"डावीकडं?" अर्जुनराव गरजले. "त्यो मास्तर कम्युनिस्ट हाय. फोन ठिवा."

पण त्यांचा आवाज पडला होता. गाव कुजबुजायला लागलं. अर्जुनरावांनी सोमनाथकडं न बघता हात पुढं केला.

"दे चावी, सोम्या."

सोमनाथनं चावी मुठीत धरली. मूठ उघडणार एवढ्यात पोटातलं पुरण, डिझेलचा वास आणि न सापडलेली दोन मेंढरं एकदम त्याच्या डोक्यात चढली.

"मालक, चावी देतो," तो म्हणाला. "पर ठरलंय काय, अठ्ठावीस आलं न्हाई तर चावी द्यायची. मी चावी दिली म्हंजे अठ्ठावीस आलं न्हाई हे तुमीच कबूल केल्यासारखं होतंय. मंग दादा म्हनावं लागंल तुमाला."

अर्जुनरावांचा हात विस्तवावरून उचलावा तसा मागं गेला.

"मग ठरवायचं कुनी?" सुंदररावांनी विचारलं.

"सरकार ठरवंल," सोमनाथ म्हणाला. "अर्ज करू."

अर्ज म्हटल्यावर दोन्ही साडूंचे चेहरे उजळले. दोघांचंही आयुष्य अर्जात गेलेलं. उत्तर येईपर्यंत कुणी कुणाला दादा म्हणायचं नाही आणि चावी आहे तिथंच राहायची, असं ठरलं. दोन दिवसांनी पंचक्रोशीतले लोक "उताराला उभं करून जरा भरून द्या" म्हणत रिकामे कॅन घेऊन अर्जुनरावांच्या दारात रांग लावायला लागले. तेव्हा, मुळात असं काही झालंच नाही, हेही ठरलं.

सोमनाथनं अर्ज पिकअपमध्येच बसून लिहिला, स्टेअरिंगवर कागद ठेवून. पोच घेतली, पोचेची झेरॉक्स काढली, ती समोरच्या काचेला आतून चिकटवली. रस्ता जरा कमी दिसतो, पण दिसतो.

"प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, बीड.

विषय : वजा दीडशे ही संख्या अठ्ठावीसपेक्षा मोठी असल्याचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयी सविनय सादर की, मौजे दिंद्रुड येथे असा कोणताही प्रकार घडलेला नाही. सदर न घडलेल्या प्रकारात हायब्रिड पिकअप वाहनाचे ॲव्हरेज वजा दीडशे इतके आलेले असून संख्यारेषेवरील सध्याच्या व्यवस्थेमुळे अर्जदाराच्या उपजीविकेवर अन्याय होत आहे. तरी मेहेरबानांनी संख्यारेषा दिंद्रुड ग्रामपंचायत हद्दीपुरती, जनहितास्तव, उलट दिशेने मोजण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी द्यावी, व सदर मंजुरीचा आदेश प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत अर्जदारास चालकाच्या आसनावरून कोणीही उठवू नये, ही नम्र विनंती."