बाटलीतला समुद्र

मुंबईत पाहासारखं काय काय हाये, हे आमच्या किन्हीराजात माह्याएवढं कोनी सांगू शकत नोतं. पालवा बंदरावरची दगडाची कमान, तारेले धरून पळनारी ट्राम, रानीच्या बागेतला वाघ, सांजच्या पारी चौपाटीच्या वाळूत बसून चने खानारे लोक. म्या हे इतक्या डाव सांगतलं का बाया पानी भरता भरता मलेच सांगाले लागल्या. अन् मी मुंबईले गेलोच नोतो.

झालं असं. आमचा मारोतराव कासीले जाऊन आला अन् तीन महिने पारावर कासीशिवाय दुसरं बोलनं नाई. एका बजारी शेलूबाजारात दहा लोकात मी बोलून गेलो का कासीत काय ठेवलं हाय, सारं पानी शेवटी समुद्रातच जाते, मी समुद्रच पाहून येतो. बोललो तं जानं आलं. कापसाच्या बंड्याइसंगं अकोल्याले पोचलो. टेसनावर आगगाडी आली, तिनं फस्सकन वाफ सोडली, अन् म्या टेसनाचा खांब असा धरला का हात सुटेच ना. लोक चढले, गाडी गेली, मी तिथंच. उभ्या गावाच्या खोड्या काढनारा मानूस मी, पन त्या गाडीनं माही जिरवली.

परत कोन्या तोंडानं जाचं? पूर्नेच्या काठी माहा दोस्त फुलचंद राहे. चार वर्सं मुंबईत गोदीवर हमाली करून आलेला. आठ दिवस त्याच्या घरी राह्यलो. त्यानं मुंबई सांगतली, म्या पाठ केली. तो मुलूख खारपान्याचा, कुठीबी इहीर खंदा, पानी खारंच. निंगताना त्याच्या इहिरीचं पानी एका बाटलीत भरलं. समुद्र खारा, इहीरबी खारी. आमच्या गावचं पानी गोड, कोनाले काय समजते?

एकच गोष्ट इसरलो. फुलचंदची बहीन प्रयागबाई आमच्याच गावात देल्ली होती, रामरावले.

सात वर्सापयले फुलचंदनं रामरावले एक बैल देल्ला. त्याच्या पाठीवर केसाचा खोटा भोवरा, अपशकुनाचा, निंगाला, अन् त्याच साली रामरावचा घरचा बैल मेला. रामराव म्हने, साळ्यानं जानून देल्ला. तवापासून प्रयागबाईचं माहेर बंद. ना दिवाळी, ना आखाजी.

मले वाटलं होतं, बाटली पारावर दाखवीन, दोन गोष्टी सांगीन, झालं. पन बंडीवाल्याइनं बाटलीची खबर माह्याआंधीच पोचवली होती; गावाच्या शिवंवर पाहातो तं डफडं वाजून राह्यलं अन् सामने जानराव पागोटं बांधून उभे. जानराव म्हंजे गावातलं शेवटचं तोंड, ते बोलले का कोनी बोलत नाई. ते म्हने, मारोतरावनं एक गंगा आनली तं आपन मावंदं घातलं. जगदेवनं जे आनलं त्याच्यात गंगाबी आली अन् साऱ्या नद्या आल्या. मंग हे मावंदं त्याच्याहून मोठं. माहाच बजारातला शब्द माह्याच गळ्यात. बाटलीले हळद-कुंकू लावलं, मले पाटावर बसवलं, अन् साऱ्या गावाच्या हातावर पळीपळी तीर्थ.

लोक घोट घेत, तोंड वाकडं करत, अन् खुश होत. खारं हाय बाप्पा, खरा समुद्र हाय. मी पाटावर चुळबुळ करून राह्यलो, कारन बायाच्या वळीत प्रयागबाई सरकत सरकत जवळ येऊन राह्यली होती.

तिनं घोट घेतला. थांबली. मंग पुन्हा हात सामने केला. दुसरा घोट घेतला अन् तिचे डोळे भरून आले. बाया म्हनाल्या, काय भक्ती हाय माय. तिनं माह्याकडं एक डाव पाह्यलं अन् पदरानं तोंड पुसत निंगून गेली.

त्या दिवसापासून मले चैन नाई. पारावर ट्राम सांगत असलो अन् ती घागर घेऊन गेली का माही ट्राम मधातच बंद. जेवन गोड लागे ना. आज बोलते का उद्या बोलते. गावाच्या तीर्थात साळ्याच्या इहिरीचं पानी पाजलं, हे रामरावले समजलं असतं तं गावात मले तोंड दाखवाची जागा नोती राह्यली. सहाव्या दिवशी वावराच्या पांदनीत ती एकटी सामने आली.

"जगदेवभौजी, ते माह्या मायच्या इहिरीचं पानी हाय," ती म्हने. "सात वर्सं झाले, पन जीभ इसरत नाई."

म्या इचारलं, "कोनाले सांगतलं का वैनी?"

"नाई. सांगत बी नाई. तुमी मले समुद्र दाखवा."

मंग तिनं सांगतलं. कासारीन आलती, तिच्याकडून समजलं का मायले आता डोळ्यानं दिसत नाईसं झालं. उजेड-अंधार तेवढा समजते. थोडं दिसते तवरच एक डाव तिच्यासामने उभं राहाचं, एवढंच प्रयागबाईचं मागनं. रामरावले माहेराचं नाव काढलं तं तो ताटावरून उठे. मुंबईचं नाव काढता येत होतं.

म्या कंबर कसली. रोज सांजच्याले रामरावच्या ओट्यावर जाऊन मुंबई लावली. बायकोले समुद्राचं न्हानं घडवलं तं किती पुन्य, मुंबादेवीची ओटी, बोटीत बसून घारापुरी. रामराव सुपारी कातरत आयके. पन वाघ आला का त्याचा अडकित्ता थांबे. मानसं त्याच्यासमोर उभे राह्यतात? सळया किती जाड? तो आपल्याकडं पाहाते का? चौथ्या दिवशी तो म्हने, "जगदेव, तुह्यासंगं बायको काहून धाडू? मीच येतो. वाघ पाहाचा हाय मले."

माह्या डोक्यावर आभाळ पडलं. पन प्रयागबाई दारात उभी होती, अन् तिनं शिदोरीच्या दशम्याचं पीठबी मळाले घेतलं होतं.

निंगालो. बंडीत रामराव, प्रयागबाई अन् बैलं हाकलाले मी. दोन मुक्काम झाले. ती सारा रस्ता हातातल्या पाटल्या फिरवत बसली, मी सारा रस्ता कासरा या हातातून त्या हातात घेत राह्यलो. अकोल्याचं टेसन आलं. गाडीची शिटी आयकू आली. म्या बैलं थांबवलेच नाईत. रामराव म्हने, टेसन मांगं राह्यलं ना? म्या म्हटलं, मुंबईची गाडी पुढं लागते. पूल गेला, कापसाच्या जिना गेल्या, रस्ता काळ्या वावरात शिरला. रामराव बंडीत उठून बसला. रस्ता त्याले समजला होता. मी पाठीवर काठी बसाची वाट पाहून राह्यलो, पन त्यानं बंडी थांबव म्हटलं नाई.

फुलचंदच्या आंगनात कडुलिंबाखाली त्याची माय बसली होती. प्रयागबाई बंडी थांबाच्या आंधी उतरली. म्हातारीनं तिचं तोंड हातानं चाचपलं, मंग उजेडाकडं फिरवून लय जवळून पाह्यलं.

म्या इहिरीचं पानी शेंदलं अन् लोटा रामरावसामने धरला. त्यानं घोट घेतला. मावंद्यातल्या तीर्थाची तीच चव त्याच्या ध्यानात होती.

"मी मुंबई पाह्यली नाई रामभौ," म्या म्हटलं. "गाडीले भेलो. गावात काय सांगाचं ते सांगा, पन तिच्यावर राग धरू नका."

फुलचंद घरातून निंगाला, अन् जवाई दारात पाहून जागीच थबकला. रामराव कितीतरी खेप लोटा या हातातून त्या हातात करत राह्यला. तिकडं म्हातारी लेकीचं तोंड सोडून राह्यली नोती. शेवटी त्यानं जोडे काहाडले अन् त्या खाऱ्या पान्यानं पाय धुतले. सासुरवाडीत पाय धुतले म्हंजे जवाई जेवाले बसनार. फुलचंद पाट मांडाले पळाला.

दोन दोन भाकरी झाल्या. मंग रामरावनं साळ्याकडं न पाहाता इचारलं,

"त्या रानीच्या बागेतला वाघ तरी खरा हाय का?"

"हाय जवाईबुवा. म्या सोता पाह्यला."

"मंग परवा जाऊ. तू रस्ता दाखव. प्रयाग राहू दे मायपाशी." अन् माह्याकडं बोट करून म्हने, "याले खिडकीपाशी बसवू."

मी भाकर खाली ठेवली अन् दोन्ही हातानं पाट धरला, टेसनावरच्या खांबासारखा.