चाळीस झाले, आता मला विचारा

सुनेला सासूचा राग यावा यात नवल ते काय? पण तो सासूच्या कोडवरून यावा, हे आमच्या सूनबाईच्याच नशिबी होतं.

सासूबाई निवृत्तीपर्यंत ॲम्ब्युलन्स सेवेत प्रोग्रामर होत्या. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकटीने गाड्या ठरवणारं एक फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा सांगाडा, लिहिलं. प्रत्येक गावाचा एक सुटा तुकडा, मॉड्यूल, हवा तेव्हा जोडा, हवा तेव्हा काढा. फोन आला की सगळे मॉड्यूल एकमेकांना विचारायचे, "जवळची मोकळी गाडी कुणाकडे आहे?" दोन सेकंदांत गाडी ठरायची. वीस वर्षांत एकदाही बंद पडलं नाही, बोला!

आता त्याच ऑफिसात सून प्रमुख होती, आणि सोमवारपासून अकरा नवी गावं जोडायचा शब्द देऊन बसली होती. त्या गावांत अजून वही चाळून गाडी पाठवत. मागच्या महिन्यात एका आजोबांकडे गाडी सव्वा तासाने पोचली. तोवर ते गेले होते. त्यांच्या मुलीचं पत्र सुनेच्या टेबलावर काचेखाली होतं.

बुधवारी तिने एक्केचाळिसावा मॉड्यूल जोडला. जोडणी थांबली आणि पडद्यावर ओळ आली: "चाळीस झाले. आता मला विचारा."

अख्खं ऑफिस हसलं. "मॅडम, घरी सासू, इथेही सासू!" टेस्टिंगवाला म्हणाला. सूनबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी. जुन्या सर्व्हरला झेपत नसेल म्हणून घातलेली अट असणार, असं म्हणत तिने ती ओळच काढून टाकली, नवा दणकट सर्व्हर लावला आणि एक्कावन्न गावांची चाचणी घेतली.

गाडी ठरायला चोवीस सेकंद लागले. दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा पडदा नुसता गोल गोल फिरत राहिला. शुक्रवारपर्यंत तिने सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. सूनही समोर बसून सोलू लागली.

"आई, ते तुमचं जुनं फ्रेमवर्क... सहज विचारते..."

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? किती जोडलेस?"

"एक्कावन्न."

"आणि ओळ?"

"काढली," सून मान खाली घालून म्हणाली.

"वाटलंच." सासूबाई उठल्या आणि कपाटातून एक जुनी वही घेऊन आल्या. तेहेतीस, छत्तीस, चाळीस, त्रेचाळीस. प्रत्येक आकड्यापुढे सेकंद लिहिलेले होते. "चौघांना विचारून चहा टाकता येतो गं. चाळिसांनी एकमेकांना विचारायचं म्हणजे पंधराशे साठ वेळा विचारणं. तू गावं वाढवलीस अकरा, चौकशा वाढल्या जवळजवळ हजार. सर्व्हर बिचारा काय करणार? चाचणीत त्रेचाळिसाला गाडी पहिल्यांदा अडली, म्हणून मी चाळिसाला थांबवलं."

सून वही बघतच राहिली. स्वतःचं काम कुठे मोडतं हे स्वतःच शोधून, तारीख घालून लिहून ठेवणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. आणि हे माणूस रोज आपल्याला डबा भरून देतं! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मग आता दुरुस्त कसं करू?"

"दुरुस्त नको करूस. ते चाळिसांचंच आहे. अकरांचं वेगळं घर बांध, आणि दोन घरांमधल्या दारावर एकच माणूस बसव, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. बोलायचं ते त्याच्यातर्फे."

"तुम्ही तेव्हाच का नाही केलं असं?"

"सुचलंच नव्हतं. दहा वर्षांनी सुचलं, भाजी चिरताना. पण तोवर निवृत्त झाले होते, मला कोण विचारतंय?" सासूबाई हसल्या, पण पुन्हा शेंगा सोलायला लागल्या तेव्हा हात जरा थांबत होते.

शनिवार-रविवार जेवणाच्या टेबलावर दोघींनी मिळून त्या दाराचं कोड लिहिलं. सासूबाई चुका दाखवत होत्या, सून कुरकुरत मान्य करत होती. सोमवारी एक्कावन्न गावं एकत्र चालली. दुपारी नव्या गावातून पहिला फोन आला, आणि तीन सेकंदांत शेजारच्या गावातली गाडी निघाली. ऑफिसात या वेळी कुणी हसलं नाही. टेस्टिंगवाल्याने टाळ्या वाजवल्या.

सून मात्र उठली नाही. अशी घरं एकूण किती जोडता येतील, हे तिने दिवसभर मोजलं. सातव्याला दार तुंबलं. तिने नव्या वहीत तारीख घालून ते लिहिलं, सहावर अट घातली आणि खाली ओळ टाकली: "सहा झाली. आता मला विचारा."

घरी येऊन तिने ते सांगितलं, तेव्हा सासूबाई गॅस बारीक करून वळल्या.

"फोन नंबर घातलास का खाली? घाल. मी नव्हता घातला. वाटलं, घर तर सगळ्यांना माहीत आहे."