सहा नंबरची जर्सी

फुटबॉल क्लबच्या जर्सींवर नावं-आकडे छापणाऱ्याला बातमी वर्तमानपत्राआधी कळते, म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप. कुलूप उघडलं की काम गेलं, एवढा साधा करार. त्या दिवशी सकाळी नऊला नव्या मोसमाची यादी आली. सव्वीस नावं. छापणाऱ्याने ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. अकरा वर्षं सहा नंबर घालणारा कप्तान यादीत नव्हताच! सहासमोर नाव होतं एका एकोणीस वर्षांच्या पोराचं. परवाच्या ड्राफ्टमध्ये क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू उचलले, त्यात आपल्या क्लबने पहिलंच उचललेलं हे पोरगं. 

यादी पाचला जाहीर व्हायची होती. तोवर दुकानात नेहमीची संसद भरली. त्याचे भावोजी, म्हणजे गणिताचे मास्तर, आणि शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. दोघांनी मिळून उभ्या जन्मात एकदा बॉलला लाथ मारली असेल, तीही बॉल पायात आला म्हणून.

"गोल मारणारा हवा होता, आणि उचलला कोण? बचाववाला!" मास्तर कडाडले. "घरात मीठ नाही, आणि हे घेऊन आले साखरेची दुसरी बरणी!"

"पण मास्तर, बचावात कप्तान थकलाय," चष्मेवाला म्हणाला.

"थकलाय? पाय शिशाचे झालेत त्याचे! दोन वर्षं ओरडतोय, काढा त्याला म्हणून. पण त्याच्या जागी हे मिसरूड? ज्याने निवडलं ना, त्याला माझ्या वर्गात बसवा. बेरजेपासून सुरू करतो." मग मेहुण्याकडे वळून, "तुला काय वाटतं रे?"

"मला छापायचं कळतं, भावोजी."

छापून झालेल्या जर्सी त्याने पाठ खाली करून रचल्या होत्या, कारण नाव पाठीवर असतं. या वर्षी क्लबने छातीवरही छोटा आकडा मागितलाय, हे तेवढं तो विसरला.

दार उघडलं आणि कप्तानच आत आला. मास्तर ताडकन उठले, स्वतःची खुर्ची रुमालाने झटकून पुढे केली. "या, या! तुम्ही आहात म्हणून टीम आहे!"

कप्तान हसला. "काका, लेकीला जर्सी हवी. आठ वर्षांची झाली आज. नाव तिचं, नंबर सहा."

छापणारा पाठ फिरवून अक्षरं जुळवू लागला. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे वा, माझी तयार?"

त्याच्या हातातलं अक्षर गळून पडलं. कप्तानाने गठ्ठ्यातली सहा नंबरची जर्सी छातीला लावली होती. "काका, ही केवढीशी! अकरा वर्षांनी माझं माप विसरलात?" आणि कॉलरवरची मापाची चिठ्ठी बघायला त्याने जर्सी उलटली.

पाठीवर त्या पोराचं नाव होतं. छपाईची प्रेस तापल्याचा दिवा लागला, तो कोणी पाहिला नाही.

"कधी कळलं?"

"सकाळी नऊला."

"मला अजून कोणी..." कप्तानाने फोन काढून पाहिला, पुन्हा खिशात ठेवला.

 मास्तरांनी दोन वर्षं मागितलेलं पदरात पडलं होतं, आणि ते हातात धरवेना. "हा अन्याय आहे! कुठल्या गाढवाने हे पोरगं..."

"तो गाढव मीच, मास्तर." कप्तान जर्सीची घडी घालत होता. "याला उचला म्हणून क्लबला तीनदा फोन केला. माझ्या शेजारी खेळवून तयार करतो म्हटलं." बाही आत दुमडत म्हणाला, "शेजारी."

"कप्तान, हे बाहेर गेलं तर माझं काम..." छापणारा म्हणाला.

"मी काही पाहिलं नाही, काका. मला पाचला कळेल. या दोघांनाही." त्याने घडी गठ्ठ्यावर ठेवली. "पोराला एक माप मोठी द्या. खांदे रुंद आहेत."

"मुलीच्या जर्सीवर नंबर..."

"सहाच. तिने शाळेत सांगून ठेवलंय."

जर्सी घेऊन तो दारापर्यंत गेला आणि वळला. "मास्तर, पाय शिशाचे म्हणालात ते बाहेर ऐकू आलं. डावा जरा जास्तच."

पाच वाजायला दोन तास होते. तेवढा वेळ मास्तर उभेच राहिले. खुर्ची मोकळी होती.