दोनशे बारा तोंडे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण माझ्यात बसून कोणी कधी चहा प्यायला नाही की गप्पा मारल्या नाहीत. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आहे, तीही सैन्याच्या छावणीतली. माझ्यात जो येतो तो आधी घाबरतो आणि मग आ करतो. जवळजवळ एकोणीस वर्षे मी लोकांची तोंडे आतून पाहिली आहेत, म्हणून सुरुवातीलाच कबूल करते की मला माणसांची किळस येते. तुमचीही येत असेल. राग मानू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाची बैठक, पायाने दाबायचा तेलाचा पंप आणि हिरव्या रेक्झिनची गादी असा माझा थाट होता. मला जोडणारा म्हातारा मिस्त्री मोठा विक्षिप्त होता. खुर्ची तयार झाली की तो आधी स्वतः तिच्यात बसायचा, मान मागे टाकायचा आणि आ करून दोन मिनिटे छताकडे बघत राहायचा. पोरे हसायची. तो म्हणायचा, "हसा लेको! ज्यात आपण बसलो नाही, त्यात दुसऱ्याला बसवायचं नाही." मला तेव्हा त्याच्या तोंडाला येणाऱ्या कांद्याच्या वासाचाच राग आला होता.

छावणीत आले आणि खरी शिक्षा सुरू झाली. काय काय पाहिले म्हणून सांगू! काळ्या पडलेल्या दाढा, पिवळे थर, परवाच्या जेवणाचे अवशेष, आणि गालात तंबाखूची गोळी तशीच ठेवून "काही नाही खाल्लं साहेब" म्हणणारे महाभाग. डोके टेकायच्या जागी तेलाचा डाग पडला, तो कधी निघालाच नाही. माझ्या डाव्या हाताला थुंकायचे भांडे जोडलेले आहे. त्या बिचाऱ्या शेजाऱ्याबद्दल न बोललेलेच बरे.

पण दात किडणे हा काही गुन्हा नाही. ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त किळस आली, तिला वासच नव्हता.

आमच्याकडे येणारे बहुतेक डॉक्टर कर्ज फेडायला येत. त्यांच्या शिक्षणाची फी सैन्याने शिष्यवृत्ती म्हणून भरलेली असे आणि त्या बदल्यात त्यांनी सहा वर्षे अधिकारी म्हणून नोकरी करायची, असा लेखी करार असे. नोकरी अर्धवट राहिली किंवा काही ठपका ठेवून काढून टाकले, तर सगळी रक्कम जामीन राहिलेल्या नातेवाइकाने भरायची. करार सरळ होता आणि त्यात वाईट काही नव्हते. पण माझ्या पहिल्या डॉक्टरने दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या हाताच्या खालच्या बाजूला दात कोरायच्या यंत्राने एक रेघ मारायला सुरुवात केली. सहा वर्षांच्या बहात्तर रेघा. शेवटची रेघ मारून तो शीळ घालत निघून गेला. दुसऱ्यानेही तेच केले. मी काय तुरुंगाची भिंत होते?

तिसरी आली ती कॅप्टनबाई. हडकुळी, चष्मा लावणारी, हात मात्र कापसासारखा हलका. मोठेमोठे मिशाळ शिपाई तिच्यापुढे गुपचूप आ करत. तिला आईवडील नव्हते. मामाने वाढवले होते आणि करारावर जामीन म्हणून त्याचीच सही होती. मामा शिंपी होता. रविवारी ती भिंतीवरच्या फोनवरून त्याच्याशी बोलायची, तेव्हा पलीकडून शिलाई मशीनचा आवाज माझ्यापर्यंत यायचा.

"तुझ्या सहीखाली माझी सही आहे पोरी," तो दर वेळी म्हणायचा. "ध्यानात ठेव."

बाई हसून फोन ठेवायची आणि एक तारीख असली तर माझ्या हाताखाली रेघ मारायची. तीसुद्धा! मला वाईट वाटले, पण तिचे काम इतके नेटके होते की मी ते पोटात घातले.

आमच्याकडे प्रत्येक जवानाचे एक कार्ड असते. त्यावर बत्तीस दातांचे चित्र असते. डॉक्टरने एकेक दात पाहून सांगायचे, मदतनीस हवालदाराने कार्डावर खूण करायची आणि शेवटी बाईने सही करून 'निरोगी' असा शिक्का मारायचा. शिक्का असल्याशिवाय कोणालाही दूरच्या ठाण्यावर पाठवत नाहीत. कारण त्या ठाण्यांवर बर्फ पडला की महिना महिना रस्ता बंद, आणि दातांचा डॉक्टर कुठून येणार?

एकदा दुपारी इस्पितळाचे मोठे साहेब आत आले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच घाण केली आहे.

"परवा सकाळी गाड्या सुटतायत," ते म्हणाले. "दोनशे बारा कार्डं उद्या संध्याकाळी माझ्या टेबलावर पाहिजेत."

"सर, एकाला दहा मिनिटं लागतात," बाई म्हणाली. "एका दिवसात चाळीस होतील फार तर."

"ते तुम्ही बघा. तुमचे किती राहिलेत आता?"

"अकरा महिने, सर."

"मग कशाला विघ्न ओढवून घेता?" साहेब म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून ती उभी होती. चाळीस तोंडे तिने खरोखर पाहिली. माझा पंप कुरकुरायला लागला आणि तिची बोटे वाकडी झाली. बाहेर बाकावर आणि व्हरांड्यात रांग तशीच होती. तेव्हा हवालदार हळूच म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षीची कार्डं आहेत की. त्यावरून उतरवू. दात काय कुठे पळून जातात?"

बाईने त्याच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे. मग माझ्यावर टाकलेला स्वच्छ टॉवेल घडी करून ठेवला. मला वाटले, ती विश्रांती घेणार. ती टेबलाशी जाऊन बसली आणि सह्या करू लागली.

बाकावर एकेचाळिसावा नंबर लावून बिगूल वाजवणारा जवान बसला होता. सकाळपासून खालच्या ओठावर बोट दाबून धरले होते त्याने. दाराबाहेर जाऊन हवालदार म्हणाला, "चला, झालं तुमचं."

"काका, माझं बघितलंच नाही अजून. इथे पुढे ठणकतंय."

"कार्डावर बघितलं. निरोगी आहेस. पळ."

आतमध्ये शिक्का ठक ठक वाजत होता. एकशे बहात्तर वेळा वाजला. इतकी वर्षे मी पू पाहिला, रक्त पाहिले, पण त्या संध्याकाळी माझ्या रिकाम्या गादीला जशी किळस आली तशी कधीच आली नव्हती.

तीन महिन्यांनी बातमी आली. बिगूलवाल्याच्या खालच्या दाताच्या मुळाशी गळू झाले होते. रस्ता तीन आठवडे बंद होता. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सूज उतरली, पाणी गिळता येईना. तिथल्या मदतनिसाने कसाबसा चिरा देऊन जीव वाचवला. खाली आणल्यावर शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याचे पुढचे चार दात आणि जबड्याच्या हाडाचा एक तुकडा काढून टाकावा लागला. आता तो बिगूल फुंकणार कशाने?

चौकशीचे पत्र आले तेव्हा मोठे साहेब कार्ड घेऊन स्वतः दवाखान्यात आले आणि त्यांनी दार लावून घेतले.

"हे फाडा आणि नवीन लिहा. 'बोलावूनही गैरहजर.' त्याची एक रजा रद्द होईल, एवढंच. तुमचं निभावून जाईल."

"पण तो आला होता सर."

"आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाकोणाला चावत बसायचं?" साहेब म्हणाले. "आठ महिने राहिलेत तुमचे. नाहीतर तुमच्या मामांना कळवावं लागेल, सगळी रक्कम भरा म्हणून."

ते गेल्यावर दाराबाहेरून सगळे ऐकलेला हवालदार आत येऊन पुटपुटला, "मॅडम, तो बाकावर होता."

"माहितीये मला," बाई म्हणाली आणि तिने लिहिले. तिचे अक्षर नेहमीसारखेच सुंदर आले. मला तर तिच्या हाताचाही वीट आला.

पुढच्या महिन्यात बिगूलवाला कवळीचे माप द्यायला आला. पहिल्यांदाच माझ्यात बसला. वजनाने निम्मा राहिला होता. तोंड उघडले तेव्हा पुढे नुसती गुलाबी खाच दिसली. त्याची रजा रद्द झाली होती. घरी मुलगी जन्मली होती, ती चार महिन्यांची झाली तरी त्याने तिला पाहिले नव्हते.

"मॅडम, माफ करा हं," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "मला वाटत होतं, मी त्या दिवशी बाकावर बसलो होतो. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे नसेनच आलो. ताप डोक्यात गेला असेल माझ्या."

बाईने मापाचा लगदा भरलेला साचा त्याच्या तोंडात बसवला. तो घट्ट व्हायला तीन मिनिटे लागतात. तेवढा वेळ तो बोलू शकत नव्हता, म्हणून नुसता तिच्याकडे बघत होता, माझ्या गादीत मान टेकून, आज्ञाधारक मुलासारखा. त्याचे डोळे अगदी स्वच्छ होते. तो खरेच तिच्यावर विश्वास ठेवत होता.

तो गेल्यावर बाई माझ्याजवळ आली, थुंकीच्या भांड्यावर वाकली आणि भडाभडा ओकली. मग तोंड न धुताच तिने फोन लावला.

"मामा, मी एक खोटं लिहिलंय." आणि तिने सगळे सांगितले. "खरं लिहिलं तर कदाचित मला काढतील. पैसे तुझ्याकडून मागतील."

मशीनचा आवाज थांबला.

"चुकीचं शिवलं असेल तर उसवायचं," मामा म्हणाला. "वरून ठिगळ लावून चालत नाही. गिऱ्हाइकाला दिसत नसलं तरी आपल्याला दिसतंच ना?"

"आणि पैसे?"

"मशीन विकता येतं, पोरी. आणि मी तुला दर वेळी सहीचं सांगत होतो, ते काय पैशासाठी?"

बाईने तिथेच बसून चौकशीच्या कागदावर लिहिले: 'हा जवान हजर होता. ठणकतंय म्हणून सांगत होता. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. आणखी एकशे एकाहत्तर जणांचंही पाहिलं नाही.' हवालदारानेही खाली सही केली.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की सगळे गोड झाले. छे! बाईला काढले नाही, पण निष्काळजीपणाबद्दल तिची चौदा महिन्यांची नोकरी कर्जफेडीत धरली नाही आणि बढती रोखली. साताचे एकवीस महिने झाले. बिगूलवाल्याला रजा मिळाली, मुलगी पाहायला मिळाली. बिगूल मात्र परत मिळाला नाही. कोठारात पोती मोजायला बसवले त्याला. आणि मोठे साहेब? त्यांची बढतीवर बदली झाली. निरोपाच्या दिवशी ते माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. अत्तराचा इतका घाणेरडा वास मी दुसरा घेतला नाही.

त्यानंतर कॅप्टनबाईने माझ्या हाताखाली एकही रेघ मारली नाही. उरलेल्या एकशे एकाहत्तर जणांना तिने पत्रे लिहून, ठाण्यांवरून खाली उतरतील तसतसे बोलावून घेतले आणि एकेकाला माझ्यात बसवले. नऊ जणांचे दात सडायला लागलेले सापडले. तिने ते वेळेत दुरुस्त केले. काय ते वास, काय ती तोंडे! मी नाक मुरडत होते आणि तरीही प्रत्येकाला धरून ठेवत होते.

पुढे विजेवर चालणारी नवीन खुर्ची आली आणि माझी रवानगी मागच्या अडगळीच्या खोलीत झाली. रेक्झिन फाटले, पंपातले तेल गळून गेले. बाईच्या नोकरीचा शेवटचा आठवडा उरला होता. तिच्या जागी नवा डॉक्टर आला होता, तोही शिष्यवृत्तीवाला, केस चापून बसवलेला. एका सकाळी तो खोलीत आला आणि माझ्या गादीवर कार्डांचा एक गठ्ठा टाकून गेला. दीडशे कार्डे होती. नावे लिहिलेली, दातांची चित्रे कोरी, आणि प्रत्येकावर आधीच 'निरोगी' असा शिक्का. एकही तोंड न उघडता दीडशे जण माझ्यावर बसले होते. मला शिसारी आली.

बाई पट्टीचा डबा शोधायला आत आली. तिने गठ्ठा पाहिला, वरचे पहिले कार्ड उचलून वाचले आणि नव्या डॉक्टरला हाक मारली.

"हे काय आहे?"

"मॅडम, तयारी करून ठेवलीय. ऐनवेळी घाई नको म्हणून." तो हसला. "सगळे तसेही करतातच."

"हे सगळ्यात वरचं कार्ड तुझंच आहे."

"हो. माझं मीच भरलं. अगदी निरोगी आहे मी."

बाईने गठ्ठा जमिनीवर ठेवला. माझ्या गादीवरची धूळ झटकली.

"बस."

"इथे? या मोडक्यात?"

"बस आणि आ कर."

तो बसला. बाईने खिशातला आरसा काढला आणि खिडकीच्या उजेडात वाकून पाहिले. मी मात्र पाहायच्या आधीच ओळखले होते. तो वास माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

"हवालदार, लिहा," बाईने दाराकडे वळून सांगितले. "खालची डावी शेवटची दाढ. कीड. मुळापर्यंत."

नव्या डॉक्टरचा आ तसाच राहिला. बाई आता खाली ठेवलेली दीडशे कार्डे एकेक करून फाडू लागली होती.

मित्रांनो, दिवसातून दोनदा दात घासा, गालात काही लपवू नका आणि कुठे ठणकत असेल तर ओरडून सांगा, कार्डावर काहीही लिहिलेले असो. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती शिक्का आलाच, तर तो उचलण्याआधी त्या मिस्त्रीसारखे एकदा स्वतः खुर्चीत बसा, मान मागे टाका आणि आ करा. मी किळस करीन, पण सांभाळून धरीन.